वैमानिकाचे मार्गनिर्देशक उपकरण आणि विद्युत् घटाची उष्णता

विमान आकाशात असताना वैमानिकापुढे तीन प्रश्न सतत उभे असतात : आपण कोठे आहोत, कोणत्या दिशेने चाललो आहोत आणि इष्ट स्थळी केव्हा पोहोचू. या प्रश्नांची उत्तरे मिळविण्याची साधने काळानुसार बदलत गेली. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी पस मॉथ जातीच्या लहान विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला टपाल आणले, त्या काळी लहान विमानाच्या वैमानिकाची सारी भिस्त नकाशा, होकायंत्र, घड्याळ आणि खालच्या भूप्रदेशावरील खुणा यांवर असे. या साधनांत चुका होण्यास पुष्कळ वाव होता. परंतु त्यांतील एकही साधन विजेवाचून अडून बसत नव्हते.

कृत्रिम उपग्रहांच्या साहाय्याने स्थान निश्चित करणारी जीपीएस ही अमेरिकी यंत्रणा १९९५ मध्ये पूर्णतः कार्यान्वित झाली. मे २००० मध्ये अमेरिकेने नागरी वापराच्या संदेशांत हेतुपुरस्सर ठेवलेली अशुद्धता काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या हातातील लहानसे उपकरणही काही मीटरपर्यंत अचूक स्थान दाखवू लागले. खाजगी विमानांचे वैमानिक, ग्लायडर चालविणारे आणि पॅराग्लायडिंग करणारे यांनी अशा सुवाह्य उपकरणांचे मनापासून स्वागत केले. पुढे २०१० मध्ये आयपॅड बाजारात आला आणि नकाशे, विमानतळांची माहिती, हवामान व स्वतःचे स्थान ही सर्व माहिती एकाच पडद्यावर मिळू लागली. डिसेंबर २०११ मध्ये अमेरिकन एअरलाइन्स या कंपनीच्या वैमानिकांना उड्डाणाच्या सर्व अवस्थांत असा टॅब्लेट वापरण्याची अनुमती मिळाली. त्यामुळे प्रत्येक वैमानिकाला वागवावी लागणारी सुमारे १६ किलोग्रॅम वजनाची कागदपत्रांची पिशवी हळूहळू नाहीशी झाली.

ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. तथापि ज्या घटाच्या बळावर हे उपकरण चालते, त्याचे स्वतःचे काही नियम आहेत. ते समजून न घेता उपकरणावर पूर्ण विसंबून राहणारा वैमानिक नेमक्या अडचणीच्या वेळी एकाकी पडण्याचा संभव असतो.

घटाच्या अंतरंगात

आजच्या बहुतेक सर्व सुवाह्य उपकरणांत लिथियम-आयन जातीचा विद्युत् घट असतो. असे घट सोनी या जपानी कंपनीने १९९१ मध्ये प्रथम बाजारात आणले. या घटाच्या विकासाबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

या घटाची रचना स्थूलमानाने अशी असते. एका बाजूस ग्रॅफाइटचा पातळ थर असतो. हे ऋण अग्र होय. दुसऱ्या बाजूस कोबाल्टसारख्या धातूच्या ऑक्साइडमध्ये लिथियम सामावलेला थर असतो. हे धन अग्र होय. या दोहोंमध्ये प्लॅस्टिकचे अतिशय पातळ, सच्छिद्र पटल असते आणि सर्व पोकळी एका सेंद्रिय द्रवाने भरलेली असते. घट वापरात असताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटकडून निघून पटलाच्या छिद्रांतून पलीकडे जातात. घटात पुन्हा वीज भरताना, म्हणजे ज्याला व्यवहारात चार्जिंग म्हणतात त्या वेळी, ते परत ग्रॅफाइटमध्ये येऊन बसतात. अशा एका घटाचा विद्युत् दाब सरासरी ३.७ व्होल्ट असतो व पूर्ण भरल्यावर तो सामान्यतः ४.२ व्होल्टपर्यंत जातो.

थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठविणे हा या घटाचा मोठा गुण आहे आणि त्याचा दोषही याच गुणातून उद्भवतो. आतील सेंद्रिय द्रव ज्वलनशील असतो आणि दोन्ही अग्रांना वेगळे ठेवणारे पटल केसाहूनही पातळ असते. उष्णता वाढली की आतील रासायनिक क्रियांचा वेग वाढतो व घटाचे आयुष्य झपाट्याने कमी होते. उष्णता कमी झाली की आयनांची हालचाल मंदावते. मनुष्याला जे तापमान सुखावह वाटते, साधारणतः तेच या घटालाही मानवते. उदाहरणार्थ, आयपॅड वापरण्यास योग्य असे तापमान त्याच्या उत्पादकांनी ० ते ३५ अंश सेल्सिअस इतकेच सांगितले आहे. भारतातील मैदानी प्रदेशांत उन्हाळ्याच्या दुपारी सावलीतील तापमानही ही मर्यादा सहज ओलांडते.

विमानात कायमची बसविलेली उपकरणे या बाबतीत निराळी असतात. तापमानाचे चढउतार, हादरे व हवेचा कमी दाब सोसण्याच्या कसोट्या त्यांना पार कराव्या लागतात. अनेकदा त्यांना थंड ठेवण्यासाठी पंख्याची योजनाही असते. टॅब्लेट मात्र घरात व कचेरीत वापरण्यासाठी बनविलेला असतो. तो वैमानिककक्षात नेल्याने त्याची प्रकृती बदलत नाही.

उष्णता कोठून येते

वैमानिककक्षात अशा उपकरणाला तीन वाटांनी उष्णता मिळते : सूर्यापासून, स्वतःच्या कामापासून आणि चार्जिंगपासून. यांपैकी सूर्याचा वाटा किती मोठा असतो, हे साध्या हिशेबाने समजू शकेल. निरभ्र दुपारी सूर्यकिरणांना काटकोनात धरलेल्या एक चौरस मीटर पृष्ठभागावर सुमारे १,००० वॅट इतकी ऊर्जा पडते. २४० मिलिमीटर लांब व १७० मिलिमीटर रुंद अशा टॅब्लेटचे क्षेत्रफळ सुमारे ०.०४ चौरस मीटर भरते. म्हणजे त्याच्यावर सुमारे ४० वॅट ऊर्जा पडू शकते. विमानाची काच व पडद्याची चकाकी यांमुळे काही ऊर्जा परावर्तित होते आणि किरण नेहमीच सरळ पडत नाहीत, हे गृहीत धरून हा आकडा निम्मा केला, तरी २० वॅट उरतात. आता त्या टॅब्लेटचा घट सुमारे २५ वॅट-तास क्षमतेचा असून तो सामान्य वापरात १० तास चालतो असे मानले, तर उपकरण स्वतः सरासरी अवघी २.५ वॅट वीज वापरते. थोडक्यात, उन्हात ठेवलेले उपकरण जेवढे स्वतःच्या कामाने तापते, त्याच्या कित्येक पटींनी ते उन्हाने तापते. काळ्या रंगाची पाठ आणि काळा पडदा यांमुळे उन्हातील उष्णता शोषली जाण्यास आणखी मदतच होते.

लहान विमानाचा वैमानिककक्ष काचेच्या घरासारखा असतो. बाहेर दिसावे म्हणून त्याच्या काचा मोठ्या ठेवलेल्या असतात आणि त्यांतून आलेली उष्णता आतच कोंडून राहते. बाहेर ३५ अंश तापमान असताना उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीतील तापमान तासाभरात ५५ अंशांच्या वर जाऊ शकते. धावपट्टीजवळ उभ्या असलेल्या बंद विमानाची स्थिती याहून वेगळी नसते. अशा विमानात ठेवून दिलेले उपकरण उड्डाण सुरू होण्यापूर्वीच मर्यादेच्या काठावर येऊन बसलेले असते.

दुसरा उगम उपकरणाचे स्वतःचे काम हा होय. उन्हात पडदा वाचता यावा म्हणून वैमानिक त्याचा उजेड पूर्ण वाढवितो. नकाशा सतत सरकत असतो, स्थानाचे गणित अखंड चालू असते. तिसरा उगम चार्जिंगचा. घटात वीज भरताना त्याच्या अंतर्गत रोधामुळे काही ऊर्जेची उष्णता होते. घट संपू नये म्हणून वैमानिक उपकरण विमानातील विजेला जोडून ठेवतो आणि अशा रीतीने तिन्ही उगम एकाच वेळी एकत्र येतात.

उंचीवर गेल्यावर थंडावा मिळेल, ही अपेक्षा अंशतःच खरी ठरते. हवा थंड होते हे खरे. पण ती विरळही होते. ३,००० मीटर, म्हणजे सुमारे १०,००० फूट उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीवरील घनतेच्या जवळजवळ तीन-चतुर्थांश असते. उष्णता वाहून नेणारी हवाच कमी झाल्याने त्याच वाऱ्याने मिळणारा थंडावाही कमी होतो. शिवाय ऊन अधिक प्रखर असते. म्हणून बंद कक्षात उन्हात राहिलेले उपकरण उंचीवरही तापू शकते.

उपकरण बंद का पडते

ठराविक तापमान ओलांडले की उपकरणातील नियंत्रक व्यवस्था काम करू लागते. आधी पडद्याचा उजेड आपोआप मंद होतो. मग चार्जिंग मंदावते किंवा थांबते. त्यानंतरही तापमान वाढत राहिले, तर उपकरण थंड होईपर्यंत वापरता येणार नाही, अशी सूचना पडद्यावर येते आणि नकाशा दिसेनासा होतो. हा बिघाड नव्हे. घटाचा नाश होऊ नये व आग लागू नये यासाठी केलेली ती योजनाच आहे. परंतु ती घटाचे रक्षण करते. वैमानिकाचे मार्गनिर्देशन चालू राहील की नाही, हा विचार तिच्या कक्षेत येत नाही.

येथे एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. अशा प्रकारे उपकरण बंद पडणे हे निव्वळ योगायोगाने घडत नाही. दीर्घ उड्डाण, प्रखर ऊन, पूर्ण उजेडाचा पडदा आणि अखंड चार्जिंग या ज्या स्थितीत उपकरणाची सर्वांत जास्त गरज असते, त्याच स्थितीत ते तापते. एकासारखी एक अशी दोन उपकरणे शेजारी शेजारी उन्हात ठेवली, तर दुसरे हे पहिल्याचे पर्यायी साधन आहे असे म्हणता येत नाही. कारण जे कारण पहिल्याला बंद पाडील तेच काही मिनिटांच्या अंतराने दुसऱ्यालाही बंद पाडील. पर्यायी साधन निराळ्या जातीचे असावे किंवा निदान सावलीत, बंद स्थितीत आणि पूर्ण भरलेल्या घटासह ठेवलेले असावे.

थंडीचा उपद्रव

उघड्यावर उडणाऱ्यांची अडचण याच्या उलट असते. प्रमाणित वातावरणात प्रत्येक १,००० मीटर उंचीला तापमान ६.५ अंशांनी घटते. समुद्रसपाटीवर १५ अंश तापमान असेल, तर ४,००० मीटर उंचीवर ते उणे ११ अंशांच्या आसपास येते. हिमाचल प्रदेशातील बीर-बिलिंग येथे २०१५ मध्ये पॅराग्लायडिंगची जागतिक चषक स्पर्धा झाली होती. तेथे धौलाधार पर्वतरांगेजवळून उडणाऱ्यांचे उपकरण समोर उघड्या वाऱ्यात असते. थंडीत घटाचा अंतर्गत रोध वाढतो, विद्युत् दाब उतरतो आणि घटात बरीच ऊर्जा शिल्लक असतानाही तो संपला आहे असे समजून उपकरण बंद होते. तेच उपकरण अंगरख्याच्या आत ठेवून ऊब दिल्यास पुष्कळदा पुन्हा चालू होते. म्हणजे थंडीने होणारी ही हानी बहुधा तात्पुरती असते.

एका बाबतीत मात्र थंडी कायमची इजा करते. तापमान शून्याखाली असताना घटात वीज भरली, तर लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या आत न शिरता त्याच्या पृष्ठभागावर धातूच्या रूपात साचू लागतात. त्यामुळे घटाची क्षमता कमी होते आणि हा थर वाढत गेल्यास आतल्या आत विद्युत् मंडल जोडले जाण्याचा धोका निर्माण होतो. गारठलेले उपकरण आधी उबदार होऊ द्यावे व मगच चार्जिंगला लावावे, या नियमाचे कारण हेच होय.

फुगलेला घट आणि आग

घट वर्षानुवर्षे तापत राहिला, किंवा पूर्ण भरलेल्या अवस्थेत उष्ण जागी पडून राहिला, तर आतील द्रवाचे विघटन होऊन वायू तयार होतो. पातळ वेष्टनाचा घट त्यामुळे फुगतो. उपकरणाची पाठ वर आलेली दिसणे, पडदा कडेने उचलला जाणे, टेबलावर ठेवल्यावर उपकरण डळमळणे ही त्याची लक्षणे होत. असे उपकरण विमानात नेणे तर दूरच, ते चार्जिंगलाही लावू नये. फुगलेला घट टोचून वायू काढण्याचा प्रयत्न कोणीही करू नये.

अधिक गंभीर प्रसंग म्हणजे अनावर तापवाढ. घटाचे अंतर्गत तापमान सुमारे १०० अंशांच्या आसपास पोहोचले की ग्रॅफाइटवरील संरक्षक थर नष्ट होऊ लागतो व त्या क्रियेतून आणखी उष्णता निघते. सुमारे १३० अंशांना पॉलिएथिलीनचे पटल वितळू लागते. पटल निकामी झाले की दोन्ही अग्रे एकमेकांस भिडतात, आणि त्यापुढे धन अग्रातील ऑक्साइडमधून ऑक्सिजन सुटू लागतो. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीला इंधन पुरविते. म्हणून एकदा मर्यादा ओलांडली की बाहेरची उष्णता काढून घेतली तरी क्रिया थांबत नाही.

नुसत्या उन्हाने घट या थरास जात नाही. त्यासाठी बहुधा निर्मितीतील दोष, आघात किंवा चुकीचे चार्जिंग कारणीभूत होते. २००६ मध्ये सोनीच्या घटांत धातूचे सूक्ष्म कण शिरल्याचे आढळल्याने डेल कंपनीने सुमारे ४१ लाख लॅपटॉप संगणकांचे घट परत मागविले. ऑगस्ट २०१० मध्ये गार्मिन कंपनीने मोटारींसाठी बनविलेली सुमारे साडेबारा लाख मार्गनिर्देशक उपकरणे परत मागविली. विशिष्ट पुरवठादाराचा घट आणि उपकरणातील विद्युत् फलकाची विशिष्ट रचना एकत्र आल्यास घट अतिशय तापण्याचा संभव होता. दोष नेहमी एकट्या घटात नसतो, तर घट आणि त्याचे नियंत्रण करणारी मंडले यांच्या मेळातही असू शकतो, हे या प्रकरणावरून दिसून येते.

एका घटाची आग शेजारच्या घटाकडे कशी पसरते, याचे उदाहरण मोठ्या विमानांतही घडले. ७ जानेवारी २०१३ रोजी बोस्टन विमानतळावर उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या बोइंग ७८७ विमानातील आठ घटांच्या बॅटरीने पेट घेतला. त्याच महिन्यात दुसऱ्या एका जपानी कंपनीच्या अशाच विमानाला बॅटरीतील बिघाडामुळे ताकामात्सु येथे तातडीने उतरावे लागले. त्यानंतर जगभरातील ही सर्व विमाने, एअर इंडियाच्या विमानांसह, काही महिने जमिनीवर ठेवण्यात आली. ही बॅटरी विमानात कायमची बसविलेली होती. पण तिच्यातील रसायनशास्त्र आणि हातातील उपकरणातील रसायनशास्त्र एकाच कुळातील आहे.

उपकरणातून धूर वा ज्वाला निघाल्यास काय करावे, यासंबंधी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २००९ मध्ये मार्गदर्शन प्रसिद्ध केले. त्याचे सार असे : हॅलॉनच्या किंवा पाण्याच्या अग्निशामकाने ज्वाला विझवाव्यात व लगेच उपकरणावर पाणी किंवा मद्यार्करहित अन्य पेय ओतून ते थंड करावे. हॅलॉनमुळे ज्वाला विझतात, परंतु घट थंड होत नाही. म्हणून शेजारचे घट पुन्हा पेट घेऊ शकतात. बर्फ ठेवू नये व कापडाने झाकू नये, कारण त्यामुळे उष्णता आतच कोंडली जाते. प्रवाशांनी सुटे घट व पॉवर बँक सामानाच्या कोठारात न देता स्वतःजवळ ठेवावेत, या नियमामागचे कारणही हेच आहे : आग दिसली पाहिजे आणि तिच्यापर्यंत हात पोहोचला पाहिजे. एकट्याने विमान चालविणाऱ्याने मात्र सर्वप्रथम विमानावरील ताबा राखावा आणि नजीकच्या विमानतळाकडे वळावे.

घ्यावयाची काळजी

वरील विवेचनातून काही साधे नियम सहज निघतात. उपकरण उभ्या विमानात सोडून जाऊ नये. उड्डाणाच्या वेळीच बरोबर न्यावे. ते पुढील काचेखालच्या फळीवर ठेवू नये, तेथे ऊन सर्वांत जास्त असते. मांडीवर किंवा बाजूच्या सावलीत, पाठीमागे हवा खेळेल असे ते बसवावे. जाड संरक्षक वेष्टन उष्णता कोंडून ठेवते, म्हणून उन्हाळ्यात ते काढावे. हवेच्या झोताची दिशा उपकरणाकडे करता आल्यास उत्तमच. घट उड्डाणापूर्वी भरून घ्यावा, म्हणजे उष्ण कक्षात चार्जिंगची गरज पडणार नाही. विमानातील विजेवर चालणारे चार्जर चांगल्या प्रतीचे असावेत. हलक्या प्रतीच्या चार्जरमधून निघणारा विद्युत् गोंगाट रेडिओत व जीपीएसच्या अतिशय क्षीण संदेशात व्यत्यय आणू शकतो. उपकरण बसविण्याच्या पट्टीत चुंबक असल्यास ती होकायंत्रापासून दूर ठेवावी, अन्यथा पर्यायी साधनच खोटी दिशा दाखवू लागेल. तापलेले उपकरण थंड करण्यासाठी थेट बर्फावर ठेवू नये. एकदम थंड केल्याने आत दव साचते. उपकरण दीर्घकाळ वापरावयाचे नसेल, तर घट निम्मा भरून थंड जागी ठेवावा. घट जुना झाला की त्याची क्षमता घटते, हे लक्षात घेऊन तो प्रत्यक्षात किती वेळ चालतो, याची परीक्षा अधूनमधून जमिनीवरच करावी.

या सर्व काळजीनंतरही एखाद्या दिवशी पडदा काळा होऊ शकतो. त्या क्षणी वैमानिकाजवळ काय उरते, यावर पुढचे सारे अवलंबून असते. १०० नॉट, म्हणजे ताशी सुमारे १८५ किलोमीटर वेगाने जाणारे लहान विमान पाच मिनिटांत सुमारे १५ किलोमीटर अंतर कापते. ज्या वैमानिकाने पाच मिनिटांपूर्वी कागदी नकाशावर आपले स्थान व वेळ टिपून ठेवली आहे, त्याला या १५ किलोमीटरांचाच हिशेब करावयाचा असतो; होकायंत्र आणि घड्याळ यांच्या साहाय्याने तो सहज करता येतो. ज्याने ४० मिनिटे पडद्याखेरीज कशाकडेही पाहिलेले नाही, त्याच्यापुढे सुमारे १२० किलोमीटरांचा अनोळखी प्रदेश पसरलेला असतो, आणि त्यातच इंधनही कमी होत असते.

म्हणून सुवाह्य उपकरणाचा उपयोग अवश्य करावा. परंतु ठराविक वेळाने खालच्या नदीशी, रेल्वेमार्गाशी वा गावाशी त्यातील नकाशा पडताळून पाहण्याची आणि स्थान कागदावर टिपून ठेवण्याची सवय सोडू नये. असे केल्यास घट तापून उपकरण थांबले, तरी त्याची परिणती गैरसोयीपलीकडे जाणार नाही.